लॉ लायब्ररीच्या डेस्कवरचं पहिलं सेमिस्टर

दर ऑगस्टमध्ये अमेरिकेत नव्याने आलेली मराठी मुलं-मुली मला विचारतात, "ताई, कॅम्पसवर काम कुठे मिळेल?" मी लॉ लायब्ररीचं नाव घेतलं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं, "पण मी कुठे कायदा शिकतोय?" त्याची गरजच नसते. मी इंजिनिअरिंगच्या मास्टर्ससाठी आले आणि पहिल्याच सेमिस्टरला एका विद्यापीठाच्या लॉ लायब्ररीत सर्क्युलेशन डेस्कवर, म्हणजे पुस्तकांच्या देवघेवीच्या टेबलावर लागले. पुढे ग्रंथपालनाचंच शिक्षण घेतलं. आता अशाच एका लायब्ररीत नव्या विद्यार्थी कर्मचाऱ्यांना काम शिकवते. तेव्हा मला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं बरंच काही साठलंय.

आधी कागदपत्रं उरकून टाकू. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टर चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येतं. दोन ठिकाणी काम करत असाल तर दोन्हींचे मिळून २०. मोठ्या सुट्टीत पूर्णवेळ चालतं. सहकारी आजारी पडला आणि "माझी चार तासांची शिफ्ट घेशील का?" म्हणाला, पण तुमचे १८ तास भरलेत, तर नाही म्हणा. अमेरिकन सहकाऱ्याला हा नियम ठाऊक असेलच असं नाही. कधी कधी सुपरवायझरलाही नसतो. आपले तास आपणच वहीत लिहून ठेवा. जाहिरातीत 'फक्त वर्क-स्टडी' असं दिसलं तर ती जागा सोडून द्या. तो पैसा केंद्र सरकारच्या शैक्षणिक मदतीतून येतो आणि आपल्या व्हिसावर तो मिळत नाही.

सोशल सिक्युरिटी नंबर नोकरी मिळाल्यावरच काढता येतो. त्यासाठी नोकरी देणाऱ्या विभागाचं आणि इंटरनॅशनल ऑफिसचं, अशी दोन पत्रं लागतात. देशात पाऊल ठेवल्यावर साधारण १० दिवस थांबून मगच सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात जा, म्हणजे तुमची नोंद त्यांच्या संगणकावर सापडते. नंबर हातात येईपर्यंत काम अडत नाही. आय-९, म्हणजे तुम्हाला काम करायची परवानगी आहे हे तपासणाऱ्या फॉर्मसाठी मात्र पासपोर्ट, आय-९४ (देशात प्रवेशाची नोंद) आणि आय-२० (विद्यापीठाने दिलेला प्रवेशाचा कागद) घेऊन पहिल्या तीन कामाच्या दिवसांत जावंच लागतं. पासपोर्टचा मोबाइलमधला फोटो चालत नाही.

पहिली पे-स्लिप आली की ती ओळ न् ओळ वाचा. एफ-१ विद्यार्थ्यांच्या पगारातून पहिली पाच कॅलेंडर वर्षं साधारणपणे सोशल सिक्युरिटीचे ६.२ टक्के आणि मेडिकेअरचे १.४५ टक्के कापायचे नसतात. माझे चार महिने कापले गेले आणि मला पत्ताच नव्हता. पेरोलला ईमेल केल्यावर पैसे परत आले, पण विचारलं नसतं तर गेलेच असते. भारत-अमेरिका कर करारातल्या २१व्या कलमामुळे भारतीय विद्यार्थ्यांना १०४०-एनआर हा कराचा फॉर्म भरताना स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातून ठरावीक वजावट घेता येतं; इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना ते मिळत नाही. त्यामुळे दुसऱ्या देशाच्या मित्राचा फॉर्म बघून आपला भरू नका. आणि एक डॉलरही कमावला नसला तरी ८८४३ हा फॉर्म द्यायचा असतो.

आता कामाकडे वळते.

पहिले काही आठवडे तुमच्या वाट्याला पुस्तकं लावणं येईल. त्याला हलकं समजू नका. चुकीच्या जागी लागलेलं पुस्तक म्हणजे हरवलेलं पुस्तक. कॅटलॉग म्हणत राहतो की आहे, आणि ते कुणालाच सापडत नाही. अमेरिकन कायद्याची पुस्तकं लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या पद्धतीत 'केएफ' खाली येतात. करार केएफ ८०१ च्या आसपास, टॉर्ट्स (दुसऱ्याच्या चुकीने झालेल्या नुकसानीच्या भरपाईचा कायदा) १२५० ला, राज्यघटना ४५५० ला, फौजदारी कायदा ९२१९ ला. हे आकडे पाठ करायला लागत नाहीत, महिन्याभरात पायांनाच कळतात. गोंधळ होतो तो त्यापुढच्या भागात. केएफ नंतरचा आकडा पूर्णांकासारखा वाचायचा, म्हणजे ८०१ आधी आणि १२५० नंतर. पण त्याच्या पुढे जे अक्षर आणि आकडे येतात ते दशांशासारखे वाचायचे. म्हणून 'सी ४५' हे 'सी ५' च्या आधी येतं. पंचेचाळीस पाचाच्या आधी कसे, असं डोकं म्हणतं. ०.४५ आणि ०.५ असं मनात वाचा, की लगेच उलगडतं. मी नव्या मुलांकडून पहिल्या दिवशी तीस पुस्तकांची एक गाडी लावून घेते आणि मग स्वतः तपासते. जवळजवळ प्रत्येकाची चूक इथेच असते.

मग येतात रिपोर्टर्स, म्हणजे न्यायालयांच्या निकालांचे खंड. सारख्याच बांधणीच्या खंडांच्या भिंतीच्या भिंती. सायटेशन, म्हणजे निकाल कुठे छापलाय त्याचा पत्ता, वाचायला एकदा शिकलात की ही भिंत तुमच्याशी बोलायला लागते. '३४७ यू. एस. ४८३' म्हणजे युनायटेड स्टेट्स रिपोर्ट्सचा ३४७वा खंड, पान ४८३. तिथे १९५४ चा 'ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन' सुरू होतो, शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा निकाल. आधी आकडा खंडाचा, मधे मालिकेचं नाव, शेवटी पान. इतकंच. घोटाळा होतो तो मालिकेवरून. केंद्रीय अपील न्यायालयांचे निकाल फेडरल रिपोर्टरमध्ये येतात. १९२४ मध्ये त्याची दुसरी मालिका सुरू झाली, ती ९९९ खंडांवर थांबवून १९९३ मध्ये तिसरी, आणि २०२१ मध्ये चौथी. प्रत्येक मालिकेत खंड पुन्हा १ पासून. कुणी येऊन "फेडरल रिपोर्टर, खंड ५००" म्हणाला तर लगेच धावू नका. "सेकंड की थर्ड?" एवढं विचारा. त्या एका प्रश्नाने समोरच्याला कळतं की या मुलाला काम येतं.

पॉकेट पार्टबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इथे मी स्वतः चुकले आहे. कायद्याचं जाड पुस्तक दरवर्षी नव्याने छापत नाहीत. त्याऐवजी वर्षभरातल्या दुरुस्त्यांची एक पातळ पुस्तिका येते आणि मागच्या पुठ्ठ्यातल्या खिशात ती खोचायची असते. जुनी काढायची, नवी घालायची. तसंच लूजलीफ, म्हणजे सुट्या पानांच्या बाइंडरचं : सोबत एक यादी येते, ही पानं काढा, ही घाला. काम कंटाळवाणं, आणि आता बरंच ऑनलाइन गेल्यामुळे पूर्वीपेक्षा कमी, पण संपलेलं नाही. पहिल्या सेमिस्टरमध्ये एका शुक्रवारी घाईत मी एका बाइंडरची नवी पानं घातली आणि जुनी काढायची विसरले. दोन आठवड्यांनी एका विद्यार्थिनीने बाइंडर डेस्कवर आणून ठेवला. एकाच कलमाची दोन रूपं, एक रद्द झालेलं, आणि तिने नेमकं त्यावरच टिपण लिहिलं होतं. ती रागावली नाही. माझी रेफरन्स लायब्रेरियन, म्हणजे वाचकांना माहिती शोधायला मदत करणारी ग्रंथपाल, एवढंच म्हणाली की इथे जुनं पान हे नुसतं जुनं नसतं, ते चुकीचं असतं. तेव्हापासून काढलेली पानं मोजल्याशिवाय मी यादीवर सही करत नाही. तुम्हीही मोजा.

आता जे मला खरं तर सगळ्यात आधी सांगायचं होतं ते.

लॉ लायब्ररीत फक्त लॉ स्कूलचे विद्यार्थी येतात असं नाही. बऱ्याच लॉ लायब्रऱ्या सरकारी प्रकाशनांच्या फेडरल डिपॉझिटरी आहेत. १९७८ च्या कायद्याने मान्यताप्राप्त लॉ स्कूलच्या लायब्रऱ्यांना तो दर्जा मिळायची सोय झाली. सरकार प्रकाशनं फुकट देतं आणि बदल्यात ती सर्वसामान्य जनतेला विनामूल्य बघू द्यावी लागतात. त्यामुळे खासगी विद्यापीठातही रस्त्यावरून माणूस आत येऊ शकतो. आणि तो येतो तो बहुतेकदा अडचणीत सापडलेला असतो. १९६३ च्या 'गिडियन विरुद्ध वेनराइट' निकालापासून गंभीर फौजदारी खटल्यात गरीब आरोपीला सरकारला वकील द्यावा लागतो. दिवाणी खटल्यात असा सरसकट हक्क नाही. घर खाली करण्याची नोटीस, मुलांचा ताबा, थकलेला पगार, या सगळ्यांत ज्याच्याकडे पैसे नाहीत तो स्वतःच लढतो. त्याची लढाई कधी कधी तुमच्या डेस्कपासून सुरू होते.

माझ्यासमोर एक आजोबा आले होते. हातात घडी घालून घालून मऊ झालेली नोटीस. ती माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "यात मला किती दिवस दिलेत, तेवढं सांग." कागदावर आकडा दिसत होता. मला वाचता येत होतं. उत्तर अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. आणि तेच सांगायचं नसतं. दिवस कुठून मोजायचे, सुट्ट्या धरायच्या की नाही, नोटीस योग्य रीतीने दिली गेली का, यावर उत्तर बदलतं, आणि मी चुकले तर घर त्यांचं जातं. वकिलीचा परवाना नसलेल्याने कायद्याचा सल्ला देणं इथे बेकायदा आहे. राज्याराज्यांत व्याख्या थोडी वेगळी, पण मुद्दा तोच.

आपल्याकडून इथे दोन चुका होतात. एक, आपण शिकलेले आहोत आणि समोरचा मोठ्या माणसाच्या वयाचा आहे, म्हणून मदतीच्या ओघात अर्थ सांगून मोकळे होतो. दुसरी, नियम कळल्यावर घाबरून "आय कान्ट हेल्प यू" म्हणून टाकतो. दुसरी चूक मला पहिलीइतकीच वाईट वाटते. सल्ला देता येत नाही, पण माहिती देता येते. पुस्तकापर्यंत चालत सोबत जाता येतं. सूची कशी बघायची ते दाखवता येतं. राज्याचा भाडेकरू कायदा कोणत्या खंडात आहे, कोर्टाच्या संकेतस्थळावर फॉर्म कुठे मिळतात, हे सांगता येतं. 'तुम्ही कोणता फॉर्म भरा' हे सांगता येत नाही. कोर्टाचं सेल्फ-हेल्प सेंटर, लीगल एड (गरजूंना मोफत कायदेशीर मदत देणारी संस्था), लॉ स्कूलचं स्वतःचं कायदेशीर मदतीचं क्लिनिक, यांचे फोन नंबर छापलेला कागद डेस्कवर असतो. नसेल तर पहिल्याच आठवड्यात सुपरवायझरकडे मागा. आणि रेफरन्स लायब्रेरियनकडे सोपवा. त्यांच्यातल्या अनेकांकडे कायद्याची आणि ग्रंथपालनाची अशा दोन्ही पदव्या असतात, तरीही ते डेस्कवर सल्ला देत नाहीत. सोपवताना माणसाला पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायला लावू नका. "यांना भाडेकरू कायदा बघायचाय, नोटीस आली आहे," एवढं तुम्हीच सांगा. त्या आजोबांबरोबर मी शेल्फपर्यंत गेले, खंड काढून टेबलावर ठेवला, आणि लायब्रेरियन येईपर्यंत तिथेच उभी राहिले. ते पुढच्या आठवड्यातही आले, आणि थेट त्या शेल्फकडे गेले.

कोण काय वाचतंय हे डेस्कबाहेर जाता कामा नये. जवळजवळ प्रत्येक राज्यात लायब्ररीच्या नोंदींच्या गोपनीयतेचा कायदा आहे. "ते रिझर्व्हमधलं (थोड्या तासांपुरतंच मिळणारं) पुस्तक कुणाकडे आहे?" असं वर्गमित्राने विचारलं तरी नाव सांगायचं नाही, कधी परत येणार तेवढं सांगायचं. गणवेशातला अधिकारी येऊन नोंदी मागू लागला तर आपल्याला आधी त्याचं ऐकावंसं वाटतं. तुम्ही फक्त नम्रपणे म्हणा, "मी सुपरवायझरला बोलावते." स्वतः काही देऊ नका आणि वादही घालू नका.

वेस्टलॉ आणि लेक्सिस या कायद्याच्या ऑनलाइन डेटाबेसचे पासवर्ड लॉ स्कूलच्या विद्यार्थ्यांना शिक्षणापुरते दिलेले असतात. मित्राचा घेऊन वापरू नका, बाहेरच्या माणसासाठी तर नाहीच. त्याला सार्वजनिक टर्मिनल दाखवा.

डिसेंबर आणि एप्रिल-मे या परीक्षांच्या दिवसांत डेस्कचं वातावरण बदलतं. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे ग्रेड्स बहुतेक ठिकाणी कर्व्हवर ठरतात, म्हणजे शेजारी बसलेल्याशी तुलना अटळ. रिझर्व्हचं पुस्तक दोन-तीन तासांसाठी मिळतं आणि दहा मिनिटं उशिरा आलेल्याचा दंड भरताना माणूस रडलेला मी पाहिलाय. दंड माफ करायचा अधिकार तुम्हाला नसेल, पण आवाज खाली ठेवायचा अधिकार आहे. जुलैमध्ये बार परीक्षेवाले, म्हणजे वकिलीच्या परवान्याची परीक्षा देणारे येतात. त्यांची परीक्षा महिन्याच्या शेवटच्या मंगळवार-बुधवारी असते आणि तोवर ते कुणाशी बोलत नाहीत. तुमच्याशी तुटक बोलले तर मनावर घेऊ नका.

एक माझ्या आवडीचं. कधी तळमजल्यावर शेल्फ तपासायला पाठवलं तर 'केएनएस' शोधा. तो भारतीय कायद्याचा विभाग. संग्रह मोठा असेल तर 'ऑल इंडिया रिपोर्टर'चे खंडही दिसतील, आणि त्यांच्यावर नागपूर छापलेलं असेल. पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा मी पुस्तकांची गाडी तिथेच सोडून जमिनीवर बसले होते.

बोलण्याबद्दल थोडं. सुपरवायझरला पहिल्या नावानेच हाक मारा. सर-मॅडम म्हटलं की त्यांना अवघडल्यासारखं होतं. समजलं नाही तर मान हलवून हो म्हणू नका. "मला माहीत नाही, पण ज्याला माहीत आहे त्याला विचारून सांगते," हे वाक्य इंग्रजीत तोंडपाठ करा. डेस्कवर अभ्यास चालतो का, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. काही ठिकाणी चालतो, काही ठिकाणी नाही.

आणि लायब्ररी बंद करायची शिफ्ट घेण्याआधी शेवटची बस किती वाजता आहे ते बघा. बंद करताना सगळे मजले फिरून, अभ्यासाच्या खोल्या तपासून, दिवे मालवून निघायला बारा वाजून वीस-पंचवीस मिनिटं सहज होतात. बहुतेक कॅम्पसवर रात्री सोबत घरापर्यंत सोडणारी सेवा असते. तिचा नंबर आजच फोनमध्ये साठवून ठेवा, आणि फोन करायला लाजू नका.