तोंडाच्या कॅन्सरनंतर घरात परत रुळायचं कसं (आईस्क्रीमच्या काड्यांसकट)

बाबांचं गालाचं ऑपरेशन झालं, मानेतल्या गाठी काढल्या, मग रेडिएशन, सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस. ते संपलं तेव्हा वाटलं सुटलो बाबा एकदाचे. पण खरं काम घरी आल्यावर असतं हे डिस्चार्जच्या वेळी आम्हाला कुणी नीट बसवून सांगितलंच नाही, त्यामुळे जे चुकतमाकत शिकलो ते लिहितेय. डॉक्टर आणि फिजिओ सांगतील ते फायनल, हे फक्त घरातलं.

सगळ्यात आधी तोंड उघडायचा व्यायाम. रेडिएशनने जबड्याचे स्नायू आखडत जातात आणि गंमत म्हणजे हे आखडणं रेडिएशन संपल्यावर महिन्यांनीसुद्धा वाढतं, म्हणून आता बरंय म्हणून सोडायचं नाही. पेशंटची स्वतःची तीन बोटं उभी धरून दातांमधे मावली तर ठीक, 35 मिलिमीटरपेक्षा कमी उघडत असेल तर डॉक्टर त्याला ट्रिसमस म्हणतात. यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे आईस्क्रीमच्या लाकडी काड्या, कोऱ्या पाकिटात मिळतात. एकावर एक रचून दातांमधे बसतील तेवढ्या ठेवायच्या, थोडा वेळ धरायचं, मग जमलं तर मधे अजून एक हळूच सरकवायची. ताण जाणवला पाहिजे, कळ यायला नको. दिवसातून किती वेळा आणि किती वेळ ते फिजिओकडून लिहूनच घ्या, आणि टाके ओले असताना स्वतःच्या मनाने सुरू करू नका.

बाबा 9 काड्यांवर होते. माझा मुलगा दुसरीत, त्याला मोजायची ड्युटी दिली, कालनिर्णयवर दुधाच्या हिशोबाशेजारी आकडा लिहायचा. 9, 9, 10, परत 9. दहाचे नऊ झाले त्या दिवशी बाबांनी काड्या भिरकावल्या. पोरगा काही न बोलता पलंगाखाली शिरला, गोळा केल्या, मोजल्या आणि म्हणाला, आजोबा एक हरवली, आता आज आठच होणार. बाबा हसले, वाकडं हसले कारण त्या बाजूचा ओठ हलत नाही, पण ऑपरेशननंतर मी पहिल्यांदा बघितलं ते हसू. धीर धरा, सगळं ठीक होईल वगैरे आम्ही रोज ऐकवत होतो त्याचा काडीचाही उपयोग झाला नव्हता (शब्द आपोआप आला, राहू दे).

दुसरं, त्यांच्या वतीने बोलू नका. बाबा एसटीत कंडक्टर होते, अख्खी गाडी आवाजावर मागे सरकवणारा माणूस, आणि आता शब्द जाड येतात, स फ सारखा ऐकू येतो. पाहुणे विचारायचे कसं वाटतंय आणि उत्तर आई द्यायची. प्रेमानेच हो, पण महिनाभरात त्यांनी बोलणंच सोडलं, नुसती मान हलवायचे. मग घरात ठरवलं, त्यांना विचारलंय ना, मग मनात दहापर्यंत मोजायचं आणि गप्प बसायचं. नाही कळलं तर सरळ म्हणा बाबा परत सांगा, कळल्यासारखं दाखवू नका, त्यांना लगेच समजतं. स्पीच थेरपिस्ट मिळाला तर उत्तमच, शिवाय रोज पेपरच्या हेडलाईन मोठ्याने वाचायला लावा. गॅसवाल्याचा, दूधवाल्याचा फोन आता बाबाच घेतात, दूधवाल्याला दोनदा विचारावं लागतं, विचारू दे की.

चालणं. आठवड्याला 150 मिनिटं असं सगळे सांगतात पण ते पुढचं, सुरुवातीला आमचे बाबा गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन कट्ट्यावर बसायचे. हा थकवा झोपून जात नाही, आळस तर अजिबात नाही, उलट रोज थोडं चाललं की कमी होतो. नुसतं फिरून या म्हणण्यापेक्षा कोथिंबीर घेऊन या म्हणा, माणूस जातो. फक्त पिशवी ऑपरेशनच्या बाजूच्या खांद्यावर नको. मानेच्या ऑपरेशनमधे खांदा उचलणारी नस दुखावू शकते, मग हात वर जात नाही, त्यासाठी भिंतीवर बोटांनी चढत जायचा व्यायाम असतो, आमच्याकडे भिंतीवर पेन्सिलच्या खुणा आहेत, शेजारीच पोराच्या उंचीच्या.

जेवण हा मोठा विषय. बाबांच्या ओठातून वरण ओघळायचं म्हणून ते आतल्या खोलीत एकटे जेवायला लागले, आणि एकटा माणूस कमी खातो, वजन उतरतं. आम्ही सगळ्यांनीच मांडीवर नॅपकिन घ्यायला सुरुवात केली, पोरगा तर तसाही सांडतोच. मऊ भात, ताकात कुस्करलेली भाकरी, नाचणीची आंबील, वरून तूप, तिखट बंद. लाळ कमी होते म्हणून पाण्याची बाटली कायम जवळ. वजन दर आठवड्याला एकाच काट्यावर बघा. गिळताना सारखा ठसका लागत असेल तर दुर्लक्ष नको, आणि ताप, रक्त, नवी गाठ किंवा न भरणारी जखम दिसली तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करा. दात दुखला तरी रेडिएशन देणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोपऱ्यावरच्या डेंटिस्टकडे जाऊन काढायचा नाही, जबड्याचं हाड मग भरून न येण्याचा धोका असतो.

तंबाखू. "तुम्हीच खाल्ली ना" हे वाक्य घरात कुणी काढायचं नाही, त्यांना माहितीये. पण भेटायला येऊन समोर बसून तंबाखू मळणारा नातेवाईक असतोच, त्याला दारातच सांगा, राग आला तर आला. परत तलफ येतेच, त्यासाठी 1800112356 ही सरकारी फ्री हेल्पलाईन आहे. गोमूत्र आणि कसलेकसले काढे सुचवणाऱ्यांना आमची आई "हो हो" म्हणते आणि चहा देते, ही मेथड चांगलीये.

राहिला फॉलोअप. पहिल्या वर्षी दर एक ते तीन महिन्यांनी बोलावतात, मानेला रेडिएशन झालं असेल तर मधेमधे थायरॉईडची टेस्टही असते, नाही सांगितली तर आठवण करा. आम्ही साताऱ्याहून परळला टाटाला जातो, कन्सेशनचा फॉर्म हॉस्पिटलमधून भरून घेतला की रेल्वेत पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्याला 75 टक्के. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, आधी चौकशी करून जा.

तारखेच्या आदल्या रात्री घरात कुणालाच झोप नसते. आम्ही गादीवर फाईल बाजूला सारून रमी मांडतो, बाबा पत्ते पिसतात आणि डाव लागला की ओरडतात, शब्द कळत नाही पण शेजारच्या काकू भिंतीवर थाप मारतात.