गाणं चांगलंय, मग ऐकायला कोणी का येत नाही? नाशिकच्या बँडवाल्यांनो, या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी गंगापूर रोडला एका कॅफेत आमचा शो होता. पोस्टवर दोनशेच्या वर लाइक, खाली "येतोय भावा", "पहिली रांग आपली" असल्या कमेंटा, आणि प्रत्यक्षात आले एकोणीस जण, त्यातले सहा तर ड्रमरच्या घरचे. रिकाम्या खुर्च्यांकडे बघत गाणं म्हणायचं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच कळेल.

पण आता मागे बघितलं की वाटतं, एकोणीस आले ही चूक नव्हतीच. चूक ही की त्यातल्या तेरा अनोळखी माणसांपैकी एकाचाही नंबर आम्ही घेतला नाही. शो संपला, लोकं निघून गेली आणि आम्ही खाली मान घालून वायरी गुंडाळत बसलो. घरचे, मित्र सोडून आपल्यासाठी घराबाहेर पडलेली तेरा माणसं होती ती, आणि पुढच्या शोला आम्ही परत इन्स्टावर शून्यापासून बोंबलत बसलो.

व्हॉट्सॲपवर मेसेज जातो, पोचत नाही

मग शहाणपण आलं, नंबर गोळा केले, साठेक जणांची ब्रॉडकास्ट लिस्ट केली. मेसेज टाकला की दहा-बारा जणांनाच डबल टिक. दोन दिवस डोकं खाजवलं. कारण एकदम साधं निघालं, ब्रॉडकास्टचा मेसेज फक्त ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच जातो. (एका लिस्टमध्ये माणसंही २५६ च बसतात, पण तिथपर्यंत पोचलो तर पेढे वाटू.) आता शो संपला की आमच्यातला एक जण दारात उभा राहतो, क्यूआर स्कॅन करून समोरच्याला "हाय" पाठवायला लावतो आणि त्याच्या फोनात तिथल्या तिथे आमचा नंबर सेव्ह करून घेतो. लाज वाटते पहिल्यांदा. दोन-तीन शोनंतर नाही वाटत.

न विचारता कोणाला ग्रुपात टाकू नका, सकाळी गुड मॉर्निंगची फुलं सुरू झाली की चांगला श्रोता पण लेफ्ट मारतो. व्हॉट्सॲप चॅनलमध्ये नंबर सेव्ह करायची भानगड नाही, पण तिथे आपण बोलायचं आणि समोरच्यांनी बदाम दाबायचा, गप्पा होत नाहीत. आणि गप्पा झाल्याशिवाय माणूस आपला होत नाही.

"नाशकात लोकं येतच नाहीत भो"

हे मी पण खूप वर्षं बोललोय. पण मे महिन्यात गंगेवर, म्हणजे गोदाघाटावर, वसंत व्याख्यानमालेला जाऊन बसा जरा, लोकं खुर्च्या पकडून नुसती भाषणं ऐकतात, भाषणं! पाडवा पहाटेला अंघोळ करून, नवे कपडे घालून अंधारात गाणं ऐकायला येतात. गणपतीच्या आधी ढोल पथकांच्या सरावाला पोरं-पोरी ऑफिस सुटल्यावर तशीच पळतात. म्हणजे येतात की, फक्त जिथे यायची सवय आहे तिथे येतात. आणि आपण काय करतो, एक शो मार्चमध्ये एकीकडे, दुसरा सप्टेंबरमध्ये भलतीकडेच, मध्ये सहा महिने गायब. मग सवय लागणार कशी?

आम्ही शेवटी महिन्याचा शेवटचा रविवार धरला. एका मित्राची गच्ची, सतरंज्या, दोन स्पीकर, चहा, दहाच्या आत बंद (दहानंतर स्पीकरला कायद्याने बंदी आहे, आणि शेजारचे काका घड्याळ लावूनच बसतात). पहिल्या महिन्यात अकरा जण, तिसऱ्या महिन्यात नऊ, हो, कमी झाले, तेव्हा सोडून द्यावंसं वाटलं होतं. सहाव्या महिन्यात बसायला जागा नव्हती. सातपूरला नोकरी करणारे एक दादा म्हणाले, "मी तुमच्या त्या कॅफेतल्या शोला होतो, नंतर तुमचं काही कळलंच नाही." तेरातला एक! दीड वर्षाने, ते पण योगायोगाने सापडला.

गायक विष्णु दिगंबर पलुस्कर बुवांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, पुढे आपल्या पंचवटीत येऊन राहिले. मैफली त्यांनी केल्याच, पण शिकवून शिकवून घराघरात गाणं कळणारी माणसं तयार केली. म्हणजे कानसेन आयते मिळत नाहीत हे तेव्हाही होतंच. आम्ही पण महिन्यातून एकदा गाण्याच्या आधी अर्धा तास "हे गाणं कसं बसवलं" ते वाजवून दाखवतो, आणि खरं सांगायचं तर लोकांना पुष्कळदा गाण्यापेक्षा तेच जास्त आवडतं.

आणि कृपा करून पहिल्याच वर्षी कालिदाससारखं मोठं नाट्यगृह बुक करू नका. साठ माणसं गच्चीत गर्दी वाटते, कालिदासमध्ये तीच साठ माणसं हरवून जातात.

रिलीजची घाई

रात्री मास्टर (गाण्याचं तयार, शेवटचं रेकॉर्डिंग) हातात आलं, लगेच अपलोड, परवा रिलीज. हे आम्ही दोनदा केलं. स्पॉटिफायच्या प्लेलिस्ट लावणाऱ्या एडिटरांना गाणं पाठवायचं तर ते रिलीजच्या आधीच पाठवावं लागतं आणि निदान सात दिवस आधी पाठवलं तर फॉलोअरांच्या रिलीज रडारमध्ये (नव्या गाण्यांच्या आपोआप बनणाऱ्या प्लेलिस्टमध्ये) ते येतं. म्हणून डिस्ट्रिब्युटरकडे, म्हणजे आपलं गाणं स्पॉटिफायसारख्या ॲपांवर चढवणाऱ्या कंपनीकडे, तीन-चार आठवडे आधी द्या. नावाचं इंग्रजी स्पेलिंग एकदाच ठरवा, आमच्या एका गाण्यात एक "ए" जास्त पडला आणि आमचीच दोन प्रोफाइलं झाली, निम्मे फॉलोअर इकडे, निम्मे तिकडे. आपल्याच नावाचा दुसरा कलाकार असेल तर गाणं थेट त्याच्या पानावर जाऊन बसतं, ते रिलीजच्या आधीच तपासा.

विकतचे आकडे

"पाचशे रुपयात दहा हजार स्ट्रीम" वाल्यांना ब्लॉक करा, विषय संपला. २०२४ पासून स्पॉटिफायवर वर्षात १००० स्ट्रीम झाल्याशिवाय त्या गाण्याचे पैसेच सुरू होत नाहीत, म्हणून पोरं या जाळ्यात सापडतात. खोटे स्ट्रीम पकडले गेले की दंड डिस्ट्रिब्युटरला बसतो, तो आपल्याकडून वसूल करतो, गाणं उडतं ते वेगळंच. आणि दहा हजार बॉटांपैकी एक जण तरी रविवारी गच्चीवर सतरंजी उचलायला येणारे का?

स्वतःच्याच गाण्यावर क्लेम

यूट्यूबवर आपलंच गाणं टाकलं आणि कॉपीराइट क्लेम आला तर घाबरू नका. बहुतेक वेळा आपणच डिस्ट्रिब्युटरच्या फॉर्मवर कंटेंट आयडीच्या (गाणं ओळखून आपोआप क्लेम लावणारी यूट्यूबची यंत्रणा) खोक्यात टिक केलेली असते. डिस्ट्रिब्युटरला आपल्या चॅनलची लिंक पाठवून व्हाइटलिस्ट करायला, म्हणजे त्या चॅनलवर क्लेम लावू नका असं, सांगा. आमचा गिटारिस्ट मात्र ते कळेपर्यंत तीन दिवस वकील शोधत फिरत होता.