इंजिनिअरची पहिली नोकरी: घोडं नेमकं कुठे पेंड खातंय?

"सर, निकाल लागून चार महिने झाले, दीडशे ठिकाणी अर्ज टाकले, एक फोन नाही." असे मेसेज मला अधूनमधून येतात. मी उलट एवढंच विचारतो: दीडशे म्हणजे कुठे कुठे, आणि कोणत्या कामासाठी? त्यावर बहुतेक वेळा शांतता. अर्ज टाकल्याचं आठवतं, कशासाठी टाकला ते आठवत नाही.

मी इलेक्ट्रॉनिक्सवाला. गेली काही वर्षं फ्रेशर्सच्या मुलाखती घ्यायला टेबलाच्या पलीकडे बसतो. त्याआधी अर्थातच अलीकडे बसलो होतो आणि पुरेसा आपटलोही होतो, ते पुढे येईलच.

बंद पडलेला बोर्ड समोर आला की आपण त्यावरचे सगळे पार्ट एकदम बदलत नाही. सप्लाय येतोय का बघतो, मग फ्यूज, मग रेग्युलेटरच्या पलीकडे व्होल्टेज आहे का ते. नोकरीच्या बाबतीत मात्र तोच इंजिनिअर एका रात्रीत रेझ्युमे बदलतो, नवा कोर्स लावतो, दोन सर्टिफिकेटं घेतो आणि आणखी पन्नास अर्ज टाकतो. बिघाड कुठे होता ते शेवटपर्यंत कळतच नाही.

म्हणून पहिली चूक ही: नोंद न ठेवणं. साधी एक्सेल शीट पुरते. तारीख, काम कोणतं, रेझ्युमेची कोणती प्रत पाठवली, गाडी कुठवर गेली, कोणत्या प्रश्नावर अडलो. महिन्याभरात ती शीट बोलायला लागते. फोनच येत नसेल तर दोष रेझ्युमेत आहे, नाहीतर तुम्ही भलत्याच कामांसाठी अर्ज करताय. 'दोन-तीन वर्षांचा अनुभव हवा' असं लिहिलेल्या जागांवर एखादा अर्ज टाकायला हरकत नाही, पण सगळेच तिथे पडत असतील तर ते पाट्या टाकणं झालं. ऑनलाइन टेस्टमध्ये गळत असाल तर तो सरावाचा प्रश्न आहे, रेझ्युमे चाळीस वेळा बदलून तो सुटणार नाही. आणि टेक्निकल राऊंडला पडत असाल, तर पुढचा प्रोजेक्टचा भाग दोनदा वाचा. माझा अंदाज असा की तीस-चाळीस नीट निवडलेल्या अर्जांनंतरही एक फोन नसेल, तर पुढचा अर्ज तसाच टाकू नये.

रेझ्युमे: आधी नोटपॅडची परीक्षा

दोन कॉलम, डाव्या बाजूला निळी पट्टी, त्यात फोटो आणि 'सी++ ८० टक्के' असं सांगणारे बार. हे टेम्प्लेट आता पाठ झालंय. ८० टक्के कशाच्या? ही भाषा ज्यांनी घडवली त्यांनाही हा आकडा सांगता येणार नाही.

दिसण्याचं सोडा. मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी एका सॉफ्टवेअरमधून जातो. ते पीडीएफमधला मजकूर वाचून रकान्यांत भरतं. कॉलम, टेबलं आणि चित्रात टाकलेली अक्षरं यांनी ते गोंधळू शकतं. तपासायची युक्ती अगदी गावठी आहे. तुमची पीडीएफ उघडा, सगळं सिलेक्ट करून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. नाव, शिक्षण, प्रोजेक्ट त्याच क्रमाने आणि वाचता येईल असं उतरलं तर ठीक. फोन नंबर प्रोजेक्टच्या मधोमध जाऊन बसला असेल किंवा काहीच पेस्ट झालं नसेल, तर पलीकडच्या सॉफ्टवेअरलाही बहुधा तेच दिसतंय.

मग माणूस वाचतो. तो शोधतो ते एवढंच: याने हाताने काय केलंय? 'मेहनती, टीम प्लेअर, लवकर शिकणारा' हे सगळेच लिहितात, त्यामुळे ते कुणीच लिहिलं नाही असं धरलं जातं. ती जागा प्रोजेक्टला द्या. एक पान पुरतं. फाईलला स्वतःचं नाव द्या; 'रेझ्युमे फायनल न्यू ३' नावाच्या फायली माझ्या डाऊनलोड फोल्डरमध्ये किती आहेत ते विचारू नका. जाहिरातीत जे शब्द आहेत त्यातले जे खरोखर तुम्हाला लागू होतात, ते त्याच रूपात आले पाहिजेत. लागू नसलेले घुसडलेत की हात दाखवून अवलक्षण, कारण पहिला प्रश्न नेमका त्यावरच येतो.

प्रोजेक्ट: सगळ्यात मोठी गळती इथे

माझी गोष्ट सांगतो. फायनल इयरला आम्ही चौघं होतो. मायक्रोकंट्रोलर आणि रिलेने (कॉइलमधल्या करंटवर चालणारा स्विच) पंप चालू-बंद करायचा, असा प्रोजेक्ट. सर्किट दुसऱ्याने केलं, कोड तिसऱ्याने. मी रिपोर्ट लिहिला आणि पीपीटी केली. मुलाखतीत मात्र 'आम्ही डिझाइन केलं, आम्ही टेस्ट केलं' असं धडाधड बोलत होतो. समोरच्या बाईंनी शांतपणे सर्किटवर पेन टेकवलं. "रिलेच्या कॉइलला हा डायोड उलटा का लावलाय?"

मी म्हणालो, "प्रोटेक्शनसाठी."

"कुणाचं? कशापासून?"

मला माहीत नव्हतं. डायोड म्हणजे करंटला एकाच दिशेने जाऊ देणारा पार्ट, पण तो डायग्राममध्ये होता म्हणून सर्किटमध्ये होता. मुलाखत त्यानंतर पाच-सात मिनिटं चालली, पण ती तिथेच संपली होती.

घरी येऊन तो डायोड काढला आणि रिले चालू-बंद करत बसलो. ५ व्होल्टचा रिले, कॉइल साधारण ७० ओहमची, म्हणजे ७० मिलिअँपिअरच्या आसपास करंट. तो करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर बीसी५४७, तो ४५ व्होल्टपर्यंत सोसतो. करंट एकदम तोडला की कॉइल तो तसाच वाहता ठेवायला बघते आणि ट्रान्झिस्टरवर व्होल्टेज उसळतं. डायोड असला की त्या करंटला फिरायला वाट मिळते. नसला की सगळा मार ट्रान्झिस्टरवर. त्या संध्याकाळी माझा एक ट्रान्झिस्टर गेला. पुढच्या मुलाखतीत मी ही गोष्ट आपणहून सांगितली, अगदी 'आधीच्या मुलाखतीत उत्तर आलं नाही' इथपासून, आणि तेवढ्यावर दहा मिनिटं गप्पा झाल्या. तीही नोकरी मिळाली नाही, पण नापास होण्याची जागा पुढे सरकली होती.

आता टेबलाच्या पलीकडून मी तेच करतो: प्रोजेक्टमधला सगळ्यात साधा पार्ट निवडतो आणि 'का' विचारतो. एलईडीला ३३० ओहमच का? ५ व्होल्टमधून एलईडीचे २ गेले, उरले ३, भागिले ३३०, म्हणजे ९ मिलिअँपिअर. हे सातवीतलं गणित आहे, पण ते मांडून दाखवणारे कमी असतात. 'नेटवर तसं होतं' हे प्रामाणिक उत्तरही मला चालतं, पुढे 'मग मी मोजून पाहिलं' आलं तर.

शाखा बदलली तरी प्रश्नाची जात तीच. मेकॅनिकलच्या मुलाच्या ड्रॉइंगवर २५ मिलिमीटरच्या शाफ्टला एच७/जी६ लिहिलेलं असतं, म्हणजे भोक आणि शाफ्टच्या मापांत किती फरक चालेल ते सांगणारा कोड. फिट कुठला, हे तो सांगतो. किती मायक्रॉन मोकळीक, हे नाही. भोक २५.००० ते २५.०२१, शाफ्ट २४.९८० ते २४.९९३, कमीत कमी ७ मायक्रॉन, जास्तीत जास्त ४१. टेबल पाठ असायची गरज नाही. टेबल कसं वाचायचं आणि हा शाफ्ट सरकणारा आहे की ठोकून बसवायचा, हे कळलं पाहिजे.

मशीन लर्निंगवाल्यांची तर वेगळीच गंमत. आयरिस फुलांचा डेटा, १५० नोंदी, रोनाल्ड फिशर यांनी १९३६ साली वापरलेला. नाहीतर एमनिस्टचे ७० हजार हस्तलिखित अंक. शिकायला दोन्ही उत्तम. पण रेझ्युमेवर तेवढंच असेल तर तुमच्यात आणि आधीच्या पंधरा जणांत फरक काय करायचा? आणि 'अ‍ॅक्युरसी ९७ टक्के' लिहिण्याआधी एक विचार करा. हजार पार्टचे फोटो, त्यातले ९७० चांगले आणि ३० खराब. 'सगळे चांगले' एवढंच म्हणणारा मॉडेलही ९७ टक्के बरोबर ठरतो, आणि खराब पार्ट एकही पकडत नाही. तीसपैकी किती पकडले, हा आकडा सांगा. तो कमी असला तरी चालेल, कारण मग तुम्हाला प्रश्न समजलाय हे दिसतं.

सॉफ्टवेअरवाल्यांनी कोड गिटहबवर टाकताना सगळा एकाच दिवशी, एकाच कमिटमध्ये (बदलांच्या एकाच नोंदीत) टाकू नये. हिस्टरीत चुकलेलं, दुरुस्त केलेलं दिसू दे. एकगठ्ठा टाकलेला कोड उसना वाटतो, भले तुमचाच असेना.

थोडक्यात तयारी अशी: प्रोजेक्टमधली तुमची स्वतःची तीन कामं, बिघडलेली एक गोष्ट, आणि आज पुन्हा केला तर काय बदलाल ते. हे मोठ्याने बोलून पाहा. मनात सगळ्यांचंच छान जमतं. आणि 'आम्ही' सोडा, 'मी' वर या. रिपोर्टच लिहिला असेल तर तसं सांगा, फक्त तो लिहिताना सर्किट समजून घेतलेलं असू दे.

ओळखीचं घोडं

भीड भिकेची बहीण, हे पहिल्या नोकरीइतकं कुठे खरं ठरत नसेल. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली दाखवलं की ओळखीतून नोकरी लागलेल्यांत तो ओळखीचा माणूस नेहमी भेटणारा होता असे जेमतेम १७ टक्के. बाकीच्यांना नोकरीची बातमी क्वचित किंवा अधूनमधून भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. कारणही सरळ आहे: जवळच्या मित्रांना जे माहीत असतं ते तुम्हालाही माहीतच असतं. लिंक्डइनवरच्या सुमारे २ कोटी लोकांवरचे प्रयोग २०२२ साली 'सायन्स'मध्ये आले, त्यातही बेताच्या ओळखीच जास्त उपयोगी पडल्या. तेव्हा दोन वर्षं पुढची सीनिअर, भावाच्या मित्राचा सहकारी, लॅबमधले जुने सर, यांच्याकडे वळा.

पण काय लिहून? "हाय सर, जॉब असेल तर सांगा प्लीज" याला मी तरी काय उत्तर देणार? कुठला जॉब, कुणाला? आता हे बघा:

"नमस्कार मॅडम. मी आपल्याच कॉलेजची, इलेक्ट्रॉनिक्सची, यंदा पास झाले. तुम्ही मोटर कंट्रोलवर काम करता असं प्रोफाइलवर दिसलं. माझ्या प्रोजेक्टमध्ये बीएलडीसी (ब्रशलेस) मोटर कमी आरपीएमला झटके देत होती, ते पूर्ण सुटलं नाही. या कामासाठी फ्रेशर घेताना तुमच्याकडे काय बघतात, ते सवडीने सांगाल का?"

यात नोकरी मागितलेली नाही. तरीही वाचणाऱ्याला मुलगी काय करते ते कळतं, आणि झटक्यांबद्दल दोन शब्द लिहावेसे वाटतात. (मोटरमध्ये रोटर कुठे आहे ते सांगणारे हॉल सेन्सर असतील तर कमी वेगाला पल्स फार उशिरा-उशिरा येतात, तिथे बघावं.) आठवड्याभरात उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा. तिसऱ्यांदा नको. आणि एआयकडून लिहून घेतलेलं पत्र तसंच्या तसं पाठवू नका. हल्ली सगळ्यांची पत्रं एकाच छापाची येतात आणि दुसऱ्याच ओळीत लक्ष उडतं.

बाकीच्या किरकोळ, पण महाग पडणाऱ्या चुका

अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट वेळ लावून सोडवा. बिनवेळेचा सराव म्हणजे नेट्समध्ये बॉलरशिवाय बॅटिंग.

येत नसेल तर 'येत नाही' म्हणा, पण तिथेच थांबू नका. 'नक्की माहीत नाही, पण मी असं शोधलं असतं' या वाक्याला मी स्वतः मार्क दिलेले आहेत. पोपटपंची दुसऱ्या प्रश्नालाच उघडी पडते.

नोकरी देण्यासाठी ट्रेनिंग फी, डिपॉझिट, लॅपटॉपचे पैसे असं काहीही आधी मागितलं की तिथून उठा. ऑफरचा मेल मोफतच्या खासगी पत्त्यावरून आला असेल, तर कंपनीच्या वेबसाइटवरचा नंबर स्वतः शोधून फोन करा. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नको.

'फक्त कोअरच' (म्हणजे आपल्या शाखेतलंच काम) किंवा 'फक्त मोठी कंपनीच' हा हट्ट किती दिवस धरायचा ते आधीच ठरवा. लहान कंपनीत पहिल्या वर्षी डिझाइन, टेस्टिंग आणि ग्राहकाच्या शिव्या तिन्ही वाट्याला येतात. मला तरी ते फायद्याचं वाटतं. सगळ्यांना वाटेल असं नाही.

ऑफर आली

इथे लोक आनंदाच्या भरात सही करतात. पत्र पूर्ण वाचा. पॅकेजमधले दरमहा हातात किती, वर्षाअखेरीला 'मिळू शकतील' असे किती, हे वेगवेगळं विचारा. ठरावीक काळ नोकरी न सोडण्याची अट आहे का, सोडली तर किती रक्कम भरायची, नोटीस पीरियड किती, कॉलेजची मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेणार का? हे प्रश्न विचारल्याने ऑफर जात नाही. मूळ प्रमाणपत्रं तर कुणाकडेच सोडू नका, दाखवा आणि परत घ्या. कामाचं नाव पत्रात काय लिहिलंय तेही बघा, कारण 'डिझाइन इंजिनिअर' म्हणून बोलावून 'ट्रेनी, विभाग नंतर ठरेल' असं लिहिलेलं पत्र मी पाहिलंय.

होकार दिला की जिथे जिथे मुलाखती अर्धवट चालू आहेत तिथे त्याच दिवशी दोन ओळींचा मेल टाका. रुजू व्हायच्या दिवशी फोन बंद करून बसणारा उमेदवार एचआरच्या शीटमध्ये नोंदला जातो, आणि तीही शीट तुमच्या शीटसारखीच बरीच वर्षं जपली जाते.