अंगणातल्या टू-वे लाईटला टायमर कसा बसवायचा

गावाकडच्या घरी आमच्या अंगणात चार लाईट आहेत, पोर्चमध्ये एक, तुळशीजवळ एक आणि गेटच्या दोन खांबांवर दोन, चारही एकाच लाईनवर. हॉलमधून पण चालू-बंद होतात आणि गेटपाशी स्विच आहे तिथून पण. म्हणजे जिन्याला असते तीच टू-वे वायरिंग. तिथे आई-बाबा दोघंच असतात, बाबांचे गुडघे दुखतात, संध्याकाळी लाईट लावायचे राहिले की अंधारात गेटपर्यंत जायचं, पावसाळ्यात तर साप-विंचवाची भीती, आणि सकाळी बंद करायचे राहिले की दिवसभर जळत राहणार. म्हणून टायमर लावायचं ठरवलं. ज्याने पहिल्यांदा लावून दिला त्याने हॉलमधला टू-वे स्विच काढला आणि त्याच्या जागी टायमर जोडला. चार दिवस मस्त चाललं आणि मग आईचा फोन, अरे भर दुपारी लाईट चालू आणि रात्री सगळा काळोख.

टायमर खराब नव्हता. टू-वे मध्ये लाईट चालू की बंद हे एका स्विचवर ठरतच नाही, दोन्ही स्विच मिळून ठरवतात. टायमर एक स्विच झाला आणि गेटवरचा दुसरा स्विच कोणीतरी येताजाता दाबला की सगळं उलटं होतं, टायमरच्या ‘चालू’ला लाईट बंद आणि ‘बंद’ला चालू. त्यामुळे टायमर कुठल्या कंपनीचा घ्यायचा हा प्रश्न नंतरचा, आधी तो सर्किटमध्ये नेमका कुठे बसणार ते ठरवा. बहुतेक घरांत गडबड इथेच होते.

एक गोष्ट आधीच सांगतो. यूट्यूबवर याचे बहुतेक व्हिडिओ अमेरिकेतले आहेत, तिकडे आपल्या टू-वे ला थ्री-वे म्हणतात कारण स्विचला तीन टर्मिनल असतात. नाव वेगळं असलं तरी चालतं, पण तिकडे काळी वायर फेज (करंट आणणारी) असते आणि पांढरी न्यूट्रल (परतीची), आणि आपल्याकडे बहुतेक घरांत काळी वायर म्हणजे न्यूट्रल! तो व्हिडिओ बघून रंगावरून वायर जोडल्या तर जिवाशी खेळ आहे. आणि जुन्या घरात तर आपल्या रंगांवरही विश्वास ठेवू नका, वायरमनकडे त्या दिवशी जी वायर शिल्लक होती ती त्याने ओढलेली असते. प्रत्येक वायर मल्टिमीटर (पुढे नुसतं मीटर म्हणेन) लावून ओळखायची. आणि मीटर धरायची सवय नसेल तर हे वाचून परवाना असलेल्या वायरमनला बोलवा, त्याच्याशी काय बोलायचं तेवढं कळलं तरी खूप आहे.

आता टू-वे ची रचना. प्रत्येक स्विचला तीन टर्मिनल, त्यातलं एक कॉमन, मॉड्युलर स्विचला शक्यतो मधलं. एका स्विचच्या कॉमनला फेज येते, दुसऱ्याच्या कॉमनवरून वायर लाईटला जाते, आणि उरलेली दोन-दोन टर्मिनल एकमेकांना दोन वायरींनी जोडलेली असतात, या दोघींना आपण जोडवायर म्हणू. मधलं टर्मिनल कॉमनच आहे का याची शंका असेल तर स्विच पूर्ण सोडवून हातात घ्या आणि मीटरच्या बीपवर तपासा, जे टर्मिनल एका बाजूला दाबल्यावर एकाशी आणि दुसऱ्या बाजूला दाबल्यावर दुसऱ्याशी जुळतं ते कॉमन.

इथली सगळ्यात धोक्याची गोष्ट ही की स्विच बंद केला म्हणजे करंट गेला असं टू-वे मध्ये कधीच नसतं. लाईट बंद असली तरी दोनपैकी एका जोडवायरीत 230 व्होल्ट उभेच असतात. म्हणून काम सुरू करायच्या आधी एमसीबी, म्हणजे त्या लाईनचा आपोआप पडणारा मुख्य स्विच, खाली पाडा, त्यावर चिकटपट्टी लावा, घरातल्या सगळ्यांना सांगा, आणि घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा, कारण पोर्चचा लाईट बरेचदा इन्व्हर्टरच्या लाईनवर टाकलेला असतो आणि मेन बंद केल्यावर इन्व्हर्टरच त्याला सप्लाय देतो. मग मीटर एसी व्होल्टवर ठेवून फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, सगळं तपासा, आणि तो मीटर आधी चालू असलेल्या एखाद्या पॉइंटवर लावून नीट दाखवतोय ना तेही बघा. नुसत्या टेस्टरवर भरवसा ठेवू नका, त्यातला छोटा दिवा पेटला नाही म्हणजे करंट नाही असं नसतं.

बोर्ड उघडल्यावर अजून एक बघायचं. काही जुन्या घरांत वायर वाचवायला वेगळीच टू-वे केलेली असते, दोन्ही स्विचला फेज आणि न्यूट्रल दोन्ही आणलेले असतात आणि लाईट दोन्ही कॉमनच्या मध्ये लटकवलेला. ओळखायचं कसं, तर तेवढ्यापुरता सप्लाय चालू करून मीटर लावला (मग परत बंद) की स्विचच्या बाजूच्या दोन टर्मिनलपैकी एकावर कायम फेज आणि दुसऱ्यावर कायम न्यूट्रल मिळतं, दुसरा स्विच कसाही दाबला तरी. असं दिसलं तर टायमर बाजूला ठेवा आणि आधी ती वायरिंग बदलून घ्या, कारण यात लाईट बंद असताना सुद्धा होल्डरला फेज येऊ शकते आणि बल्ब बदलताना माणसाला झटका बसतो.

सगळं सरळ असेल तर टायमर जोडायचे तीन मार्ग आहेत. पहिला म्हणजे आमच्याकडे केला होता तो, स्विचच्या जागी टायमर, त्याचं काय होतं ते सांगितलंच. दुसरा, दोन्ही स्विच तसेच ठेवायचे आणि टायमर समांतर जोडायचा, म्हणजे टायमरला वेगळी फेज द्यायची आणि त्याचं आउटपुट थेट लाईटच्या वायरीला जोडायचं. सोपा आहे, टायमर चालू असेपर्यंत लाईट स्विचने बंद करता येत नाही एवढंच, बऱ्याच जणांना ते चालतं. पण टायमरची फेज स्विचची आहे त्याच एमसीबीवरून घ्यायची, हे अगदी पक्कं. बंगल्यात थ्री-फेज कनेक्शन असेल आणि हॉल एका फेजवर, पोर्च दुसऱ्या फेजवर असेल तर दोन फेज एकमेकींना भिडतात, 415 व्होल्टचा शॉर्ट होतो आणि बोर्ड जळतो.

तिसरा मार्ग मी शेवटी केला आणि घरात वयस्कर माणसं असतील तर हाच करा असं मी म्हणेन. यात हॉलमधल्या टू-वे च्या जागी साधा वन-वे स्विच बसतो, तो होतो मेन. एमसीबीवरून आलेली फेज या स्विचला, आणि स्विचमधून बाहेर पडलेल्या फेजच्या दोन फांद्या करायच्या. एक फांदी थेट पहिल्या जोडवायरीला. दुसरी टायमरच्या कॉन्टॅक्टच्या (आतल्या स्विचच्या) कॉमनला, आणि टायमरच्या एनओ टर्मिनलवरून (नॉर्मली ओपन, टायमर ‘चालू’ झाला की कॉमनशी जुळणारं) दुसऱ्या जोडवायरीला. गेटवरचा टू-वे आहे तसाच ठेवायचा, त्याला हातही लावायचा नाही. आता गेटचा स्विच एका बाजूला असला की लाईट टायमरप्रमाणे, दुसऱ्या बाजूला दाबला की सलग चालू. रात्री एक वाजता कोणी गाडी घेऊन आलं तर गेटवरच स्विच दाबला की अंगण उजळतं, आत जाऊन कोणाला उठवायला नको. हॉलमधला स्विच बंद केला की सगळंच बंद. उलटं व्हायचा प्रश्नच उरत नाही. हॉलमधूनही मध्यरात्री लाईट लावायची सोय हवी असेल आणि प्लेटमध्ये एक जागा रिकामी असेल तर अजून एक वन-वे स्विच टायमरच्या कॉमन आणि एनओ यांच्यामध्ये जोडा. मी तो जोडला, आई तोच वापरते.

टायमरच्या घड्याळाला स्वतःचा सप्लाय लागतो, तो मात्र मेन स्विचच्या आधीच्या फेजवरून द्यायचा, नाहीतर हॉलचा स्विच बंद केला की घड्याळही बंद. आणि न्यूट्रल लागतं, ते प्रत्येक स्विचबोर्डात असेलच असं नाही, पण बोर्डात पाच पिनचा प्लग असेल तर तिथे मिळतं. न्यूट्रल नाही म्हणून अर्थची वायर वापरणारे लोक मी पाहिलेत, कृपा करून असं करू नका, अर्थ कुठे तुटली तर घरातल्या सगळ्या लोखंडी वस्तूंवर करंट उतरू शकतो. न्यूट्रल पण त्याच सर्किटचं हवं, दुसऱ्या आरसीसीबीचं (करंट जमिनीत गळू लागला की सप्लाय तोडणारा स्विच) घेतलं तर आरसीसीबी अधूनमधून पडू शकते आणि कारण सापडत नाही. बाहेरच्या लाईनवर 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी नसेल तर याच कामात बसवून घ्या, ओली जमीन आणि लोखंडी गेट असलेल्या जागी ती हवीच.

दुकानात टायमर मागताना दोन गोष्टी विचारा. कॉन्टॅक्ट वेगळा आहे का, म्हणजे घड्याळाचा सप्लाय आणि कॉन्टॅक्ट आतून जोडलेले नाहीत ना. काही टायमरमध्ये ते आतून जोडलेले असतात, मग तिसऱ्या मार्गात हॉलचा स्विच बंद करूनही टायमर लाईट लावतो. बाजूला छापलेली आकृती बघितली की कळतं. दुसरं, लाईट गेल्यावर घड्याळ चालू राहतं का. बॅटरी नसलेला चकतीवाला टायमर लोडशेडिंगमध्ये थांबतो, दोन तास लाईट गेली की तो दोन तास मागे, आणि आठवड्याभरात वेळेचा पत्ता राहत नाही. चकती आवडत असेल तर बॅटरी बॅकअपचीच घ्या, त्यात बहुतेक पंधरा मिनिटांचे दाते असतात आणि घरातल्या कोणालाही ते वरखाली करता येतात, हा मोठा फायदा आहे. टायमरवर 16 अँपिअर लिहिलेलं असतं ते हीटरसारख्या लोडसाठी, एलईडी चालू होताना क्षणभर खूप जास्त करंट ओढतात. चार-पाच बल्बला काही अडचण नाही, पण मोठे फ्लडलाईट असतील तर मध्ये कॉन्टॅक्टर टाका, म्हणजे टायमरच्या इशाऱ्यावर मोठा लोड चालू-बंद करणारा वेगळा स्विच.

टायमर शक्यतो घरातच बसवा, डीबीमध्ये (एमसीबी असतात त्या मुख्य बॉक्समध्ये) पट्टीवर किंवा हॉलच्या बोर्डाशेजारी छोट्या बॉक्समध्ये. बाहेर बसवावाच लागला तर आयपी 65 (धूळ-पाणी आत न जाणारा) बॉक्स घ्या, वायर खालून ग्लँडमधून (वायरीभोवती घट्ट आवळणाऱ्या टोपीतून) आत घ्या, आणि आत शिरायच्या आधी वायरीला खाली झोल द्या म्हणजे पाणी तिथूनच ठिबकतं. कोकणात किंवा घाटमाथ्यावर पाऊस आडवा येतो, तिथे वरून वायर घेतलेला बॉक्स एक पावसाळा काढत नाही. न वापरलेली भोकं बंद करा, पाली आणि मुंग्या उबेला येऊन बसतात आणि कॉन्टॅक्ट खराब करतात. वायर 1.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची, आणि स्क्रू आवळल्यावर प्रत्येक वायर ओढून बघा. वायर सोडवण्याआधी बोर्डाचा फोटो काढा आणि प्रत्येकीला चिकटपट्टीवर नाव लिहून लावा, पाच मिनिटं जातात पण नंतरचे दोन तास वाचतात.

चालू केल्यावर सगळे प्रकार एकदा करून बघा, हॉल बंद-गेट इकडे, हॉल बंद-गेट तिकडे, मग हॉल चालू करून दोन्ही, आणि टायमर हाताने चालू-बंद करून परत तेच. लाईट बंद असताना एलईडी अगदी मंद चमकत राहिला तर आधी फेजऐवजी न्यूट्रल तोडलं जातंय का ते तपासा. तसं नसेल तर लांब जोडवायरी शेजारी-शेजारी असल्यामुळे थोडा करंट झिरपतो, चांगल्या कंपनीचा बल्ब लावला की बरेचदा जातं.

वेळ लावताना सकाळ-संध्याकाळ नीट बघा, डिजिटलमध्ये एएम-पीएम चुकलं की पुन्हा दुपारी लाईट. स्वस्त डिजिटल टायमरमध्ये मॅन्युअल बटण दाबत गेलं की चालू, ऑटो, बंद, ऑटो असं फिरतं, आणि ‘चालू’ वरून ऑटोवर आलात तर पुढची बंद व्हायची वेळ येईपर्यंत लाईट चालूच राहते, ‘बंद’ वरून आलात तर पुढच्या चालू व्हायच्या वेळेपर्यंत बंद. लोकांना वाटतं टायमर बिघडला. दिवसा सेट करत असाल तर ‘बंद’ वरून ऑटोवर या.

आणि सूर्यास्त काही वर्षभर एका वेळी होत नाही. मुंबई-पुण्याकडे नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमारास मावळतो आणि जुलैच्या सुरुवातीला सव्वासातच्या पुढे, नागपूरकडे नोव्हेंबरअखेर जवळपास अर्धा तास आणि जुलैत पंधरा-वीस मिनिटं आधी. सव्वा-दीड तासाचा फरक आहे, त्यामुळे साध्या टायमरची वेळ वर्षातून निदान तीन-चार वेळा बदलावी लागते. ते कोणी करणार नसेल तर अॅस्ट्रो टायमर घ्या, त्यात गावाचे अक्षांश-रेखांश एकदा भरले की तो रोजचा सूर्यास्त स्वतः काढतो, पुण्याला 18.5 उत्तर आणि 73.9 पूर्व, टाइम झोन साडेपाच. आमच्याकडे सूर्यास्ताला चालू, रात्री अकराला बंद, पहाटे पाचला बाबा फुलं तोडायला उठतात म्हणून परत चालू, आणि सूर्योदयाला बंद असं लावलंय. गेटच्या स्विचवर टायमरच्या बाजूला लाल ठिपका रंगवलाय, आणि जोडणीची आकृती कागदावर काढून प्लास्टिकच्या पिशवीत घालून डीबीच्या झाकणाला आतून चिकटवली आहे, पुढचा वायरमन येईल तेव्हा त्याला गेटच्या टू-वे ची एक जोडवायर टायमरमधून का आली ते कळायला हवं.