चेनसॉच्या सिलिंडरसाठी घरगुती कटर

५२ सीसी चेनसॉ, बोर (सिलिंडरचा आतला व्यास) ४५ मिमी. कॉम्प्रेशनसाठी सिलिंडरचा बेस (खालची बैठक) लेथवर ०.४० मिमी उतरवला, की आतली स्क्विश पट्टीही (डोक्यातली, पिस्टनच्या काठासमोरची गोल कड) तेवढीच कापावी लागते. नाहीतर पिस्टन वर ठोकतो. त्यासाठी कटर विकत घ्यायची गरज नाही. उद्यमनगरात लेथवाल्याकडून माइल्ड स्टीलचा मॅन्ड्रेल (बोरमध्ये नेमका बसणारा दंडगोल) टर्न करून घ्या, व्यास ४४.९६ मिमी. लांबीत कंजुषी नको, आखूड मॅन्ड्रेल पोर्टपाशी (भिंतीतल्या वायूच्या झरोक्यांपाशी) डुलतो आणि पट्टीवर लाटा उठतात.

वरच्या तोंडाला आडवी खाच, त्यात ६ मिमीचा एचएसएस (हाय-स्पीड स्टील) टूलबिट, ग्रब स्क्रूने (बिनडोक्याच्या स्क्रूने) आवळलेला. धार पट्टीच्याच कोनात घासा. टोक भिंतीपासून ०.१ मिमी आत ठेवा. भिंतीवर क्रोम किंवा निकासिलचा थर असतो. तो एकदा सोलला की सिलिंडर भंगारात. काठावर राहिलेली बारीक कड नंतर एमरीने हाताने काढा.

खोली मोजायची युक्ती सोपी आहे. मॅन्ड्रेलच्या दांड्यावर सरकती कॉलर. बिट पट्टीला टेकवा, कॉलर आणि उतरवलेला बेस यांत ०.४० चा फिलर गेज (ठरावीक जाडीचे पोलादी पान) ठेवून कॉलर आवळा. गेज काढून कापायला लागा, कॉलर बेसला टेकली की कापणे संपले. रॉकेल लावून हातानेच, एकाच दिशेने फिरवा. ड्रिल मशीन लावू नका, बिट पोर्टच्या बाजूला खेचला जातो.

शेवटी सिलिंडर बसवून १.५ मिमी सोल्डरची तार पिस्टन पिनच्या दिशेने दोन्हीकडे पिस्टन आणि पट्टी यांच्यात दाबून तिची जाडी मोजा. ०.५० मिमी हवी. एका बाजूला कमी आली तर बेस तिरका कापलाय, कटरला दोष देऊ नका.