प्रेसर फूटचा अडकलेला दांडा: माझा अनुभव
बेळगावच्या शहापूर भागात माझे शिवणकामाचे छोटे दुकान आहे. यंदाच्या पावसाळ्यात तेथील इंडस्ट्रियल मशीनचा प्रेसर फूट (कापड दाबून धरणारा पाय) गुडघ्याच्या लिव्हरने वर जाई, पण खाली येताना मध्येच अडकून राही आणि कापड सरकत नसे.

वीज बंद केल्यावरही, वरचा दाबाचा स्क्रू पूर्ण सैल केल्याशिवाय आत हात घालू नये, कारण दाबलेली स्प्रिंग उसळून डोळ्याला इजा करू शकते. स्क्रू, स्प्रिंग व फूट काढून, तोंडाकडची प्लेट उघडून मी फूटचा दांडा धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटचा स्क्रू ढिला केला. दांडा वर ओढला, तेव्हा जुन्या तेलात कापडाची लव मिसळून त्यावर बसलेला तपकिरी, चिकट थर दिसला. रॉकेलच्या फडक्याने तो निघाला. पॉलिश पेपर मी मुद्दामच टाळला, कारण दांडा झिजला की फूट डुलू लागतो.

जोडणीत खरी काळजी लागते. कापड सरकवणारे दाते सुईखालच्या प्लेटच्या खाली नेऊन, फूट त्या प्लेटवर टेकवून, सुई त्याच्या फटीत बरोबर मधोमध उतरते हे हातचाक फिरवून पाहिल्यानंतरच ब्रॅकेट आवळले. तेलाचा एक थेंब सोडून दाब थोडा थोडा वाढवला, तेव्हा दुपदरी कापडावर टाके सारखे पडले.