कॉलेजची फी भरताना: बेळगाव सीमाभागातल्या विद्यार्थी-पालकांसाठी

कॉलेजच्या फी काउंटरवर पैसे घेऊन जाण्याआधी हातात एक कागद हवा: त्या वर्षाच्या फीचा शीर्षवार तपशील. तोंडी आकड्यावर विसंबू नका. ‘सगळे मिळून पंचेचाळीस हजार होतात’ असं ऑफिसात सांगितलं, तर त्यात शिकवणी फी किती, विद्यापीठाची किती, प्रयोगशाळा, ग्रंथालय, क्रीडा, डेव्हलपमेंट किती आणि परत मिळणारी अनामत किती, हे लिहून मागा. हा कागद पुढे चार ठिकाणी लागतो: शिष्यवृत्तीच्या अर्जाला, बँकेच्या कर्जाला, आयकरात वजावट घेताना आणि प्रवेश रद्द करून पैसे परत मागताना. या चारही ठिकाणी नुसती एकूण रक्कम सांगून भागत नाही, कोणत्या शीर्षाखाली किती हेच विचारलं जातं.

आपल्याकडे हा तपशील पुष्कळदा कन्नडमध्ये असतो. मराठी शाळेतून आलेल्या मुलांनी एवढे शब्द ओळखून ठेवावेत: बोधना शुल्क म्हणजे शिकवणी फी, ठेवणी म्हणजे अनामत, ओट्टु म्हणजे एकूण, कोनेय दिनांक म्हणजे शेवटची तारीख, आदाय प्रमाणपत्र म्हणजे उत्पन्नाचा दाखला. ‘व्यासंग प्रमाणपत्र’ हे शाळेत किंवा कॉलेजात शिकत असल्याचं प्रमाणपत्र. मराठीतल्या व्यासंगाशी त्याची गल्लत होते आणि मुलं भलताच कागद जोडतात. चलनावरचा एखादा शब्द कळला नाही तर तिथेच विचारा. चुकीच्या शीर्षाखाली गेलेली रक्कम नंतर योग्य शीर्षाखाली आणायला आठवडे लागतात.

पैसे कुणाकडे जायला हवेत

बीए, बीकॉम, बीएस्सीची वार्षिक फी कॉलेजकडे भरायची असते. परीक्षा फी त्यात धरलेली असेलच असं समजू नका. कर्नाटकातल्या विद्यापीठांचं प्रवेशाचं आणि परीक्षेचं काम यूयूसीएमएस या सरकारी पोर्टलवर चालतं. परीक्षेचा अर्ज तिथून भरावा लागतो आणि त्याची मुदत वेगळी असते. वर्षाची फी बाकी असेल तर अर्ज कॉलेजकडे अडकतो, मग विलंब शुल्क लागतं. त्यामुळे परीक्षेच्या तोंडावर बाकी ठेवू नका.

इंजिनिअरिंग किंवा दुसऱ्या व्यावसायिक अभ्यासक्रमाची सीट सीईटीतून मिळाली असेल तर रक्कम आधी केईए, म्हणजे कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाकडे जाते. सीट जाहीर झाल्यावर चॉइस निवडायचा असतो. चॉइस १ म्हणजे हीच सीट घेतो. तो निवडून फी भरायची, प्रवेश आदेश डाउनलोड करायचा आणि दिलेल्या तारखेच्या आत कॉलेजात हजर व्हायचं. या तिन्ही गोष्टी झाल्याशिवाय सीट पक्की समजू नका. ‘पैसे भरले, आता सोमवारी जाऊ’ म्हणणाऱ्यांची सीट हातची जाऊ शकते. बाकीच्या चॉइसचे नियम त्या वर्षीच्या सूचनेत वाचूनच निवडा, मागच्या वर्षीच्या भावंडाच्या अनुभवावर नको. हजर झाल्यावर कॉलेजने आणखी रक्कम मागितली तर ती कोणत्या शीर्षाखाली हे लेखी घ्या आणि प्रवेश आदेशावर दाखवलेल्या रकमेशी ताडून पाहा. मॅनेजमेंट सीटची फी थेट कॉलेजच्या खात्यावर भरायची असते.

कोल्हापूरकडे किंवा पुण्याकडे महाराष्ट्राच्या कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेश, फेरीतून सीट घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की सीट स्वीकारताना भरलेले १,००० रुपये ही कॉलेजची फी नव्हे. ती संस्थेत जाऊन वेगळी भरावी लागते.

पावतीशिवाय ‘डोनेशन’ म्हणून कुणी रक्कम मागत असेल तर ती फी नाही. कर्नाटकात १९८४चा आणि महाराष्ट्रात १९८७चा कायदा कॅपिटेशन फीला, म्हणजे प्रवेशासाठी ठरलेल्या फीवर उकळलेल्या रकमेला, बंदी घालतो. कॉलेजच्या खात्याऐवजी एखाद्या माणसाच्या नावाचा क्यूआर कोड पुढे आला, तर पैसे पाठवू नका. स्कॅन केल्यावर पडद्यावर येणारं नाव संस्थेचं आहे का, हे पिन टाकण्याआधी वाचा. फसवणूक झालीच तर १९३० वर लगेच फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते.

दोन राज्यांचे दाखले

सीमाभागात फीच्या सवलतीचा घोटाळा बहुतेक इथेच होतो. जातीचा दाखला ज्या राज्याचा, त्याच राज्याच्या सवलतीला चालतो. मराठा समाज कर्नाटकात मागासवर्गीयांच्या ३ब प्रवर्गात आहे, तर महाराष्ट्रात २०२४पासून एसईबीसी, म्हणजे सामाजिक व शैक्षणिक मागास, प्रवर्गात. चंदगडच्या तहसीलदारांचा दाखला बेळगावच्या कॉलेजात फीमाफीला चालणार नाही आणि खानापूरच्या नाडकचेरीचा (कर्नाटकातल्या महसूल कार्यालयाचा) दाखला कोल्हापुरात त्या प्रवर्गाच्या सवलतीला चालणार नाही. कर्नाटकाचे जातीचे व उत्पन्नाचे दाखले नाडकचेरीतून मिळतात. त्यावरचा आरडी नंबर, म्हणजे दाखल्याचा क्रमांक, शिष्यवृत्तीच्या अर्जात टाकावा लागतो, म्हणून तो स्वच्छ वाचता येईल असा स्कॅन ठेवा. दाखल्याचा अर्ज ग्राम वन या सरकारी सेवा केंद्रातूनही करता येतो. दाखला मे महिन्यातच काढा, जूनमध्ये गर्दी असते.

केईएच्या सरकारी सीटसाठी नेहमीचा नियम असा: पहिली ते बारावीपर्यंत किमान सात वर्षं कर्नाटकातल्या शाळा-कॉलेजात आणि दहावी किंवा बारावी कर्नाटकातून उत्तीर्ण. खानापूर, निपाणीकडची जी मुलं अधूनमधून पलीकडच्या शाळेत शिकली, त्यांनी वर्षं नीट मोजावीत आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या, म्हणजे बीईओंच्या, सहीचं व्यासंग प्रमाणपत्र आधीच घ्यावं.

उलट दिशेने, महाराष्ट्राच्या व्यावसायिक प्रवेशात वादग्रस्त सीमाभागातल्या ८६५ गावांमधल्या मराठी मातृभाषिकांसाठी वेगळी पात्रता आहे. गाव त्या यादीत असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला त्याच वर्षीच्या माहितीपुस्तिकेतल्या नमुन्यात हवा. साध्या कागदावर मुख्याध्यापकांनी लिहून दिलेलं पत्र परत येतं.

नावाचंही पाहा. दहावीच्या मार्क्स कार्डावर आद्याक्षरं, आधारवर पूर्ण नाव, बँकेत आडनाव आधी, असं असेल तर शिष्यवृत्तीचं पोर्टल नाव जुळवत नाही. २०१४च्या १ नोव्हेंबरपासून शहराचं अधिकृत नाव बेळगावी झालं. पत्त्यात जुनं-नवं नाव आलं तर सहसा अडत नाही, पण आईवडिलांच्या नावातलं एक अक्षर अडवू शकतं.

रक्कम कशी भरावी

छोटी रक्कम यूपीआयने भरणं सर्वांत सोपं. शिक्षणसंस्थांना द्यायच्या रकमेची यूपीआय मर्यादा रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२३मध्ये ५ लाखांवर नेली. पण ती संस्थेच्या नोंदणीकृत खात्यालाच लागू होते आणि तुमच्या बँकेची स्वतःची मर्यादा त्याहून कमी असू शकते. नवा फोन किंवा नवं सिम घेतलं असेल तर पहिले २४ तास मोठी रक्कम जात नाही. फीच्या शेवटच्या दिवशी मुलाला नवा फोन घेऊन देणाऱ्यांची इथे अडचण होते.

बरीच कॉलेजं स्टेट बँकेचं एसबीआय कलेक्ट हे ऑनलाइन पोर्टल वापरतात. त्यात राज्य कर्नाटक, प्रकार शैक्षणिक संस्था, मग कॉलेजचं नाव आणि शेवटी फीचा प्रकार निवडायचा. नावं सारखी असतात: एकाच संस्थेचं पीयू (अकरावी-बारावीचं) कॉलेज, डिग्री कॉलेज आणि लॉ कॉलेज यादीत शेजारी-शेजारी दिसतात. पैसे भरल्यावर ‘डीयू’ने सुरू होणारा नंबर मिळतो, तो लिहून घ्या. पावती निघाली नाही तर पेमेंट हिस्टरीत तारीख आणि मोबाइल नंबर टाकून ती पुन्हा काढता येते. म्हणून अर्जात सायबरवाल्याचा नंबर टाकू नका, स्वतःचाच टाका.

एनईएफटी आणि आरटीजीएस आता चोवीस तास चालतात. आरटीजीएसला किमान २ लाख लागतात. यात एक उणीव आहे: पैसे कॉलेजच्या खात्यात पोचतात, पण कुणाचे ते कळत नाही. शेऱ्यात विद्यार्थ्याचं नाव, वर्ग आणि रजिस्टर नंबर लिहा आणि यूटीआर, म्हणजे बँकेने दिलेला व्यवहाराचा, नंबर घेऊन ऑफिसात पावती मागा. पावती फाडली जाईपर्यंत तुमच्या नावावर बाकीच दिसते.

डीडी मागितला असेल तर तो कुणाच्या नावे आणि कोणत्या गावी देय, हे अक्षरशः उतरवून न्या. डीडी ३ महिनेच चालतो. ५०,००० किंवा त्याहून जास्त रकमेचा डीडी रोख देऊन मिळत नाही, खात्यातूनच निघतो, त्यामुळे रक्कम एक दिवस आधी खात्यात हवी. मागे विद्यार्थ्याचं नाव आणि मोबाइल लिहा, पुढची-मागची झेरॉक्स ठेवा. रोख भरायची वेळ आली तरी २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही.

खात्यातून पैसे गेले आणि पोर्टलवर ‘फेल’ आलं, तर घाबरून लगेच दुसऱ्यांदा भरू नका. आधी हिस्टरी पाहा, तासभर थांबा. यूपीआयने दुकानदाराला किंवा संस्थेला दिलेली रक्कम अडकली तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत ती परत यायला हवी. त्यापुढे दररोज १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मुदत त्याच दिवशी संपत असेल तर व्यवहाराचा स्क्रीनशॉट जोडून प्राचार्यांना अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. तोंडी सांगितलेलं दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नाही.

शिष्यवृत्ती आणि फीमाफी

कर्नाटकातल्या बहुतेक सरकारी शिष्यवृत्त्यांचा अर्ज एसएसपी, म्हणजे राज्य शिष्यवृत्ती, पोर्टलवर भरतात. आधार, आरडी नंबर, मार्क्स कार्ड आणि फीची पावती लागते. काही कागदांचं कॉलेजातल्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडून ई-अटेस्टेशन, म्हणजे ऑनलाइन साक्षांकन, करून घ्यावं लागतं. तो अधिकारी कोण, हे पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवा.

पैसे खात्याच्या नंबरावर येत नाहीत, आधारशी जोडलेल्या खात्यावर येतात. खात्याला आधारचं केवायसी झालं म्हणजे ते जोडलं गेलं असं नसतं. एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या नोंदीत तुमचं कोणतं खातं आहे, ते आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’मध्ये दिसतं. शेवटचं जोडलेलं खातं धरलं जातं. गावच्या सोसायटीतलं किंवा पतसंस्थेतलं खातं इथे चालत नाही, बँकेतलंच हवं. रक्कम आली का, हे डीबीटी कर्नाटक अॅपवर पाहता येतं.

विद्यासिरी योजनेत वसतिगृहात जागा न मिळालेल्या मागासवर्गीय विद्यार्थ्यांना राहण्या-जेवणासाठी दरमहा ठरावीक रक्कम १० महिने मिळते. शहरात खोली घेऊन राहणाऱ्या मुलांनी हा अर्ज सोडू नये. इंजिनिअरिंगमध्ये ८ लाखांच्या आत उत्पन्न असणाऱ्यांसाठी ५ टक्के जादा जागांवर शिकवणी फी माफ असते. बाकीची फी मात्र भरावी लागते, तिची तयारी ठेवा.

पैशाची वेळ जमवणं

उसाचं बिल हिवाळ्यात येतं आणि फी जून ते ऑगस्टमध्ये लागते. या अंतरात रक्कम घरखर्चात जिरते. बिल जमा झालं की फीपुरती रक्कम बाजूला काढून जूनमध्ये मुदत संपेल अशी ठेव करा. पगारदारांसाठी जून ते मे अशी आवर्ती ठेव बरी: महिना ३,००० म्हणजे वर्षाला ३६,००० आणि वर व्याज.

तरी कमी पडलं तर हप्ते मागा, आणि ते तारीख व रकमेसह मागा: ‘२० जुलैला १५,०००, २० सप्टेंबरला १५,०००, उरलेले परीक्षा अर्जाआधी’. ‘थोडी सवड द्यावी’ एवढ्याच अर्जावर कुणाला निर्णय घेता येत नाही. ठरलेली तारीख पाळली की दुसऱ्या वर्षी मागणं सोपं जातं.

शैक्षणिक कर्जाला साधारणपणे ४ लाखांपर्यंत स्वतःचा हिस्सा लागत नाही आणि साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. घराजवळच्या शाखेत जा. पालक चंदगडला आणि कॉलेज बेळगावात असेल तर अर्ज सहसा चंदगडच्या शाखेत. रक्कम थेट कॉलेजला जाते, म्हणून कॉलेजचं वर्षनिहाय फीचं पत्र आणि खात्याचा तपशील लेटरहेडवर हवा. मंजुरीला वेळ लागतो. प्रवेशाच्या दिवशी अर्ज केला तर पहिला हप्ता घरूनच भरावा लागेल असं धरून चाला.

प्रवेश सोडायचा असेल तर

यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८च्या अधिसूचनेप्रमाणे परताव्याचे टप्पे आहेत आणि ते प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेपासून मोजतात. समजा ४०,००० भरले. त्या तारखेच्या १५ किंवा जास्त दिवस आधी सोडलं तर पूर्ण रक्कम, त्यातून फार तर ५ टक्के म्हणजे २,००० कापता येतात. १५ दिवसांपेक्षा कमी उरले असताना सोडलं तर ३६,०००. तारखेनंतर १५ दिवसांच्या आत ३२,०००, त्यापुढे ३० दिवसांपर्यंत २०,०००. मग काही नाही. एखाद्या वर्षी यूजीसी यापेक्षा सवलतीच्या तारखा जाहीर करते, तेव्हा त्या लागू होतात. अर्ज दिल्याची तारीखच धरली जाणार, म्हणून त्याच दिवशी आवक नंबर घ्या. मूळ मार्क्स कार्ड, टीसी अडवून ठेवण्याचा अधिकार कॉलेजला नाही. दाद लागली नाही तर यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवर तक्रार करता येते.

अनामत या हिशोबात येत नाही. ती पूर्ण परत मिळायला हवी, मग प्रवेश पहिल्या महिन्यात सोडा किंवा तीन वर्षांनी डिग्री घेऊन बाहेर पडा. त्यासाठी पहिल्या वर्षाची मूळ पावती लागते. थर्मल कागदावरची असेल तर वर्षभरात पुसट होते, त्यामुळे मिळाल्या दिवशीच झेरॉक्स काढा आणि दोन्ही एकत्र टाचून ठेवा.